शेठजी धोतर मुरवायचे

परतूरला कोणाच्या सुनेला दिवस गेले, हे आधी तिच्या सासूला कळायचं, मग आमच्या शेठजींच्या धोतराला, आणि नवऱ्याला बहुतेक सगळ्यांच्या शेवटी. थट्टा नाही करत मी. बाजाराच्या दिवशी शेठजी कोरं, कडक, खळ न उतरलेलं मलमलचं धोतर नेसून दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, की येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "शेठजी, कोणाकडं?" शेठजी नुसती हनुवटी उचलून गल्लीची दिशा दाखवायचे. नाव कधी घ्यायचे नाहीत. पण त्या दिशेला नव्या सुनांची घरं अशी किती असणार! संध्याकाळपर्यंत गावाला पत्ता लागलेला असायचा.

शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं. त्यांचे पणजोबा इकडं उंटावरून आले की बैलगाडीतून, यावर त्यांच्या घरात तेव्हाही वाद चालू होता. दुकान कापडाचं. पण नवं कापड विकून पोट भरणाऱ्या या माणसाचं ठाम मत असं, की तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावणं म्हणजे पाप. तशी जुनेराची बाळोती करायची रीत सगळीकडंच आहे. आईचं नाहीतर आजीचं झिजलेलं लुगडं फाडायचं आणि लंगोट, दुपटी शिवायची. शेठजींना तेही पटत नसे.

"बायांची लुगडी कष्टानं विरतात," ते म्हणायचे. "विरणं अलग, मुरणं अलग. कापड आरामात मुरलं पाहिजे. लोणच्यासारखं."

म्हणून ते स्वतः मुरवायचे. ज्या घरावर जीव असेल तिथं पाळणा हलायची चाहूल लागली, की ठाणातून एक मलमल काढायची, बाळ येईपर्यंत दिवसाआड नेसायची, स्वतःच्या हातानं धुवायची आणि सावलीत वाळवायची. मुरली की नाही हे गालानं ठरवायचं. दुकानातही गिऱ्हाइकानं कापड बोटांत चुरगाळलं की ते वैतागायचे. "हाताला कापड खोटं बोलतं. गालाला लावा, गालाला!" टेरिकॉटच्या शर्टासाठी आलेली पोरं बिचारी गालाला टेरिकॉट लावून उभी असायची.

मुरवण्याचे नेमही होते. बाळासाठी नेसलेल्या धोतरात भांडायचं नाही. शिवी द्यायची नाही. मयताला जायचं नाही. आता बाजारपेठेतल्या दुकानदाराला न भांडता कसं भागणार? त्यासाठी लाल काठाचं एक वेगळं धोतर आत खुंटीला टांगलेलं असे. गिरणीच्या एजंटानं पन्ह्याला कमी भरणारा माल पाठवला, की शेठजी एक शब्द न बोलता आत जायचे, लाल काठाचं नेसून बाहेर यायचे आणि एजंटाला असा काही धुवून काढायचे की रस्ता गोळा व्हायचा. मग परत आत जाऊन पहिलं धोतर नेसून, हसऱ्या चेहऱ्यानं गादीवर. शेठजी न बोलता उठून आत गेले, की समोरचा आपल्या चपला शोधायला लागायचा.

आम्ही त्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आमचे हे आणि मी, दोघंही शाळेत शिक्षक. आम्ही बौद्ध. त्या काळात बाजारपेठेत आम्हाला खोली मिळाली याचंच गावाला आश्चर्य वाटलं होतं. शेठजी म्हणाले होते, "मास्तर लोक आहेत, भिंतीला खिळे ठोकणार न्हाईत, बस." त्यांच्या पत्नी, काकीजी, मात्र अंतर राखून होत्या. वाईट बोलायच्या नाहीत, पण आमच्या उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकलं नाही, आणि आमच्या घरचा पाण्याचा घोटही कधी घेतला नाही. मागच्या सामाईक अंगणात दोन दोऱ्या होत्या. एक त्यांच्या धुण्याची, एक आमच्या.

मला दिवस गेले तेव्हा मी कोणालाच सांगितलं नव्हतं; पण सामाईक अंगणात सकाळच्या उलट्या लपतात थोड्याच! एका बाजाराच्या दिवशी हे धावतच घरी आले. चेहरा लालेलाल.

"शेठजींनी नवं धोतर नेसलंय."

"मग?"

"कोणाकडं म्हणून विचारलं, तर हनुवटी आपल्या खोलीकडं केली! खरं आहे का गं?"

मी पदर तोंडाला लावला. खूप आनंद झाला होता मला, आणि तो नुसता बाळाचा नव्हता, हे आज सरळ सांगते. शेठजींनी आजवर आमच्यातल्या कोणासाठी धोतर मुरवलेलं नव्हतं. माझ्या बाळासाठी भर बाजारात पायरीवर उभं राहून हनुवटी केली होती! पुढं कितीतरी दिवस मी शाळेत जाताना मुद्दाम दुकानावरून जायची, ते धोतर किती मऊ पडलंय ते बघत.

बाबा रेल्वेत गँगमन होते. ते रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आणि आई-बाबा आमच्याकडंच राहायला आले. त्यामुळं बाळंतपणाला मला माहेरी जावं लागलं नाही, माहेरच माझ्याकडं आलं. शिमग्याच्या आसपास मुलगी झाली, आणि त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून सुटीवर आला. इंजिनिअर झालेला, आमच्या सगळ्या नात्यात विमानात बसलेला पहिला माणूस! स्टेशनावर त्याला उतरवून घ्यायला निम्मी वस्ती गेली होती. त्यानं भाचीसाठी एक मोठ्ठं खोकं आणलं होतं. आत पांढरेशुभ्र, घडी घातलेले कागदी लंगोट. वरून प्लास्टिक, आतून कापसासारखं काहीतरी.

"आक्का, धुवायचं नाही. वापरायचा आणि फेकून द्यायचा."

"फेकून?" आई म्हणाली. "कुठं?"

अमेरिकेत असेल काही सोय. आमच्याकडं मागचा उकिरडा होता.

पहिले काही दिवस नुसती जत्रा. कागदी लंगोट बघायला बाया येत होत्या, पोरीला कोणी बघतच नव्हतं. शेठजीही मागच्या दारात येऊन उभे राहिले. भावानं एक कोरा लंगोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून तो गालाला लावला.

"मऊ आहे," ते म्हणाले. "बराबर मऊ आहे बुवा. पण कोणी नेसला होता?"

"कोणीच नाही!" भाऊ अभिमानानं म्हणाला. "मशीनमधून निघाला तो थेट खोक्यात. आजवर कोणाचा हात लागलेला नाही."

"कोणीच न्हाई?" शेठजींचा चेहरा पडला. "अरेरे."

एवढं बोलून ते गेले. भाऊ हसत राहिला. मला हसू आलं नाही, कारण ते धोतर आता मुरून तयार झालंय, हे मला रोज दिसत होतं.

मग तो मोंढ्यातला प्रकार झाला. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा, कापसाचा बाजार. हंगाम संपत आला होता, तरी उरल्यासुरल्या कापसाच्या गाड्या लागलेल्या होत्या. उकिरड्यावरचे लंगोट कुत्र्यांनी ओढत ओढत तिथपर्यंत नेले आणि फाडले. सगळीकडं पांढरं पांढरं! कापसाची प्रत ठरवणारे साहेब लांबून आलेले. त्यांनी जमिनीवरचा एक पुंजका उचलला, सवयीनं दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहिला. धागा निघेचना.

"हा कुठला माल? कोणत्या गाडीतला?" साहेब गाडीवानांवर ओरडले. "ह्याला धागाच न्हाई! आणि भिजवून आणलाय वजनासाठी!"

गाडीवान शपथा घेऊ लागले. साहेबांनी पुंजका नाकाशी नेला. पुढचं मी लिहीत नाही. परतूरचा मोंढा त्या दिवशी हसून हसून लोळला, आणि आमच्या ह्यांना आठवडाभर त्या रस्त्यानं जायची सोय राहिली नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं पुढं राहिलं नाही. ऊन तापलं. पत्र्याच्या खोलीत त्या प्लास्टिकमध्ये पोरीच्या मांड्या लालभडक झाल्या, कातडी सोलल्यासारखी. दिवसभर रडायची. आईची लुगडी जाडीभरडी, नेसून नेसून खरखरीत झालेली. माझ्या साड्या त्या वेळच्या फॅशनच्या, नायलॉनच्या. बाबांची धोतरं म्हणजे निव्वळ हरक, गोणपाटासारखी. जे लावावं ते पोरीला टोचत होतं. मलमल पाहिजे होती, आणि नवी चालणार नव्हती.

रडणं भिंतीपलीकडं ऐकू जात होतंच. एका सकाळी शेठजी मागच्या दारात आले. दोन्ही हातांवर माझ्या पोरीचं धोतर. धुतलेलं, घडी केलेलं, इतकं मऊ की घडी उभी राहत नव्हती.

"घ्या बाई," ते मला म्हणाले. "आपल्या छोकरीचं आहे."

मी उठले, तोच आई मध्ये आली. ती मोठ्यानं बोलली नाही.

"शेठजी, दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं कापड आमच्या घरात येत न्हाई."

"उतरलेलं न्हाई हो, मुरवलेलं..."

"तुमी त्याला काय बी म्हणा. माझ्या सासूनं मढ्यावरचं कापड धुऊन नेसलं होतं. लोकांनी दारातून फेकलेली जुनी-पानी लुगडी मी अंगावर घातली. दीक्षा घेतली त्या दिवशी आमी समदं सोडलं. माझ्या नातीच्या अंगाला लोकाचं उतरलेलं कापड न्हाई लागणार."

भाऊ तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "म्हणूनच ते खोकं आणलं मी," तो म्हणाला. आणि तेव्हा मला कळलं, 'कोणीच नाही' हे शब्द तो एवढ्या अभिमानानं का बोलला होता ते. त्याचं काही चुकलं नव्हतं. आईचंही नव्हतं. आणि आत पोर रडत होती, दारात ते धोतर होतं, आणि माझा जीव दोन्हीकडं ओढला जात होता.

शेठजी कावरेबावरे झाले. इतकी वर्षं धोतरं मुरवली, पण ज्यांना आयुष्यभर उतरलेलंच मिळालं त्यांना हे कसं दिसेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नसावं.

"मंग मी काय करू, बहेनजी?" त्यांनी आईला विचारलं. खरंच विचारलं.

आईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. शेठजींची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, तिचे दिवस भरत आले होते. आई म्हणाली, "तुमच्या नातवाच्या अंगाला आमच्या माणसाचं धोतर चालंल का? ते चाललं, तर माझ्या नातीला तुमचं चालंल. न्हाई तर दोन्ही न्हाई."

अंगणात तुळशीपाशी काकीजी उभ्या होत्या. त्यांच्या हातातला तांब्या जागच्या जागी राहिला. शेठजी एक शब्द बोलले नाहीत. वळले, आणि आत गेले.

गेले लाल काठाचं नेसायला! आता भांडण, आणि उद्या खोली खाली. हे तर मनातल्या मनात सामान बांधायलाही लागले असतील. भाऊ बाह्या सरसावून उभा.

शेठजी बाहेर आले ते आधीचंच धोतर नेसून, आमच्या पोरीचं खांद्यावर टाकून. हातात मलमलीचं कोरं ठाण, आणि चेहऱ्यावर असा उत्साह, जणू आज त्यांच्याकडंच बारसं होतं. बाजेवर बसलेल्या बाबांसमोर जाऊन त्यांनी सरर्रकन कापड उलगडलं.

"हिरव्या काठाचं देऊ का? तुम्हाला खुलून दिसंल. दिवस थोडे आहेत, जल्दी मुरलं पाहिजे. चालणं किती होतं तुमचं?"

"रोज रुळाच्या कडंकडंनं सातोन्याच्या बाजूला जाऊन येतो," बाबा म्हणाले. "सवय सुटंना."

"वा वा वा! बिलकुल मुरतंय मंग! फक्त भांडायचं न्हाई त्या धोतरात."

आईनं हात पुढं केला, आणि शेठजींच्या हातून माझ्या पोरीचं धोतर घेतलं. गालाला लावून पाहिलं. मग दातानं काठ तोडून टर्रकन फाडलं. शेठजी कान देऊन उभे होते. फाडण्याचा आवाज ऐकल्याशिवाय ते कधी जात नसत. थोड्या वेळानं आत पोरीचं रडणं थांबलं.

बाबांनी ते हिरव्या काठाचं धोतर नेसून बाजारात जायचा पहिला दिवस मी जन्मात विसरणार नाही. मी पोरीला घेऊन दुकानाच्या माडीच्या जिन्यावर उभी राहिले होते. कडक मलमल नेसून बाबा बाजारपेठेतून ताठ चालत निघाले, गँगमनच्या ठेक्यात. आणि कोपऱ्यावरच्या भुसारवाल्यानं सवयीनं विचारलंच, "बाबा, कोणाकडं?"

बाबांनी हनुवटी उचलली. थेट शेठजींच्या दुकानाकडं.

सगळी बाजारपेठ दुकानाच्या गादीकडं बघायला लागली. आणि गादीवरून शेठजी ओरडले, "मास्तरीणबाईच्या बाबा! तोंडानं सांगा ना! ह्यांना ऐकू न्हाई आलं!"

"शेठजीच्या लेकीकडं!" बाबा ओरडले. सगळ्या बाजारानं ऐकलं. मी जिन्यावर पोरीला उराशी धरून हसत होते की रडत होते, मला ठाऊक नाही.

बाबांनी सगळे नेम पाळले. त्या दिवसांत ते आईशीसुद्धा भांडले नाहीत. आई म्हणायची, "असलं एखादं धोतर मला लगीन झालं तवाच मिळायला पायजे होतं." भावाची सुटी संपली. खोक्यात थोडे लंगोट उरले होते. जाताना तो शेठजींना म्हणाला, "तुमचं धोतर जिंकलं." शेठजी म्हणाले, "हार-जीत काय त्यात? गाडीत न्यायला तुमचंच बरं." आणि उरलेले लंगोट त्यांनी मुलीच्या सासरच्या प्रवासासाठी मागून घेतले.

पण खरी गोष्ट अजून व्हायची होती. शेठजींच्या मुलीला मुलगा झाला. बाबांचं मुरलेलं धोतर शेठजींनी स्वतः आत नेलं. आणि त्यांच्या दोरीवर बाळोती वाळायला लागली ती सगळी शेठजींच्या धोतराची. हिरवा काठ कुठंच नाही.

आई रोज सकाळी अंगणात येऊन ती दोरी बघायची. शेठजी तिच्यासमोरून जाताना मान खाली घालायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "बाई, दुकानात माझं चालतं. घरात न्हाई." इतका हिरमुसलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. बाजाराच्या दिवशीसुद्धा ते पायरीवर येईनात.

मग एका सकाळी आईनं मला हाक मारली. "इकडं ये. बघ."

काकीजींच्या दोरीवर, उन्हात, हिरव्या काठाचे चार-पाच लंगोट हलत होते. मुलीनं फाडले होते. शेठजींची ती एकुलती एक लेक, बापाचा हट्ट तिच्यातही होता. काकीजींना न विचारता तिनं फडताळातून धोतर काढलं आणि फाडलं.

दोन दिवस गेले. भर दुपारी आमच्या दारात काकीजी. उंबऱ्याच्या बाहेर, नेहमीसारख्या. नजर जमिनीवर.

"बाईच्या आई," त्या म्हणाल्या, "आणखी एखादं मुरलंय का हो तुमच्याकडं? माझ्या घरवाल्याचं लावलं की पोट्टा रडून राह्यला. तुमच्या मालकाचंच लागतंय त्याला."

आईच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं! पण ती माझी आई. सावकाश पदर सावरून म्हणाली, "आहे ना. पहिलं दिलं तवापासून दुसरं नेसूनच राह्यलेत ते. देते. आधी आत या. चहा घ्या."

काकीजी तशाच उभ्या. पलीकडून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. त्यांनी मागं वळून एकदा आपल्या दाराकडं पाहिलं. तिथं शेठजी उभे होते, चौकटीला धरून.

काकीजींनी चप्पल काढली आणि उंबरा ओलांडला. बाजेच्या अगदी कडेला टेकल्या. आईनं चहा केला, कपबशी त्यांच्या हातात दिली. काकीजींनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," काकीजी म्हणाल्या.

आई उठली, डब्यातून चमचाभर साखर काढली आणि त्यांच्या कपात टाकली.

त्या संध्याकाळी शेठजी दुकानाच्या पायरीवर आले. बाजाराचा दिवस नव्हता. अंगावर कोरं, कडक, निऱ्या उभ्या राहिलेलं धोतर. भुसारवाला लगबगीनं पुढं आला.

"शेठजी, आज कोणाकडं?"

"कोणाकडंच न्हाई," शेठजी म्हणाले. "आज माझं मलाच नेसावं वाटलं."